गर्भाशयातील जिवाणूंची महागडी तपासणी : आधी काय, नंतर काय?

कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यातील मूल होत नसलेली जोडपी आज कल्याण, पनवेल, नवी मुंबईच्या वंध्यत्व केंद्रांत जाऊ लागली आहेत. पूर्वी भगताकडे, अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे जाणारी पावले दवाखान्याकडे वळली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु दवाखान्यातही पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा लागतो. आयव्हीएफच्या एका फेरीचा खर्च लाखाच्या वर सहज जातो. त्यात अलीकडे आणखी एका तपासणीची भर पडली आहे : गर्भाशयाच्या मायक्रोबायोमची, म्हणजे गर्भाशयात राहणाऱ्या जिवाणूंची तपासणी. तिच्यासाठी वेगळे हजारो रुपये मोजावे लागतात. अहवाल 'बिघडलेला' आला तर औषधे, पुन्हा तपासणी आणि मगच गर्भ सोडणे, असा क्रम सांगितला जातो.

ही तपासणी म्हणजे फसवणूक नाही, आणि ती चमत्कारही नाही. तिच्यामागे खरे संशोधन आहे, पण ते अजून पूर्ण झालेले नाही. आपल्या वस्तीतील एखादे जोडपे कर्ज काढून किंवा दागिने मोडून उपचाराला निघते, तेव्हा ते आधी आपल्या कार्यकर्त्यांनाच विचारते, "ओळखीचा डॉक्टर आहे का?" अशा वेळी डॉक्टरचे नाव सांगण्याबरोबर थोडी माहितीही देता आली पाहिजे. त्यासाठी हा लेख.

गर्भाशयात जिवाणू कुठून आले?

निरोगी गर्भाशय पूर्णपणे जंतुरहित असते, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जात होते. योनीमार्गात मात्र उपयुक्त जिवाणू असतात, हे जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 मध्येच दाखवले होते. त्यांना आज आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच हे नातेवाईक. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे योनीमार्ग आंबट राहतो आणि रोगकारक जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत.

पुढे जिवाणूंचे जनुक वाचण्याचे तंत्र आले. पूर्वी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखावा लागे, आणि अनेक जिवाणू तिथे वाढतच नाहीत. आता नमुन्यात सापडलेल्या जनुकांवरून कोणते जिवाणू आहेत आणि किती प्रमाणात आहेत, हे सांगता येते. या तंत्राने पाहिल्यावर गर्भाशयातही जिवाणूंच्या खुणा दिसल्या.

तपासणीची पद्धत साधी आहे. पाळीच्या ठरावीक दिवसांत एक बारीक नळी योनीमार्गातून गर्भाशयात घालून आतल्या अस्तराचा छोटा तुकडा घेतात. थोडा वेळ पोटात कळ येते, भूल लागत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि लॅक्टोबॅसिलस किती टक्के, इतर जिवाणू किती टक्के, असा अहवाल येतो.

आशा कशावर उभी आहे?

या विषयाला जोर आला तो 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका अभ्यासामुळे. इन्माकुलादा मोरेनो, कार्लोस सिमॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हीएफ घेणाऱ्या 35 स्त्रियांच्या गर्भाशयातील जिवाणू तपासले. नमुन्यात 90 टक्क्यांहून जास्त लॅक्टोबॅसिलस असलेल्या स्त्रियांचा एक गट केला, त्याहून कमी असलेल्यांचा दुसरा. पहिल्या गटात 58.8 टक्के स्त्रियांना मूल झाले, दुसऱ्या गटात फक्त 6.7 टक्के. फरक इतका मोठा होता की जगभरातील केंद्रांचे लक्ष तिकडे गेले.

त्यानंतर 2022 मध्ये याच संशोधकांनी अनेक देशांतील 342 स्त्रियांचा अभ्यास मांडला. तिथेही ज्यांना मूल झाले त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस अधिक दिसला, आणि ज्यांना झाले नाही त्यांच्यात गार्डनरेला, स्ट्रेप्टोकोकस, क्लेबसिएला असे जिवाणू अधिक दिसले. कारण समजण्यासारखे आहे. गर्भ रुजतो तो अस्तरात. तिथे सतत सूज असेल, शरीराची संरक्षक यंत्रणा जंतूंशी झगडत असेल, तर रुजणे अवघड होऊ शकते.

इथपर्यंत सगळे पटते. मात्र अहवालातल्या टक्केवारीपासून घरात मूल येण्यापर्यंत आणखी तीन पायऱ्या आहेत, आणि त्या तिन्ही अजून पक्क्या बांधलेल्या नाहीत.

तीन कच्च्या पायऱ्या

पहिली पायरी नमुन्याची. गर्भाशयात योनीमार्गाच्या तुलनेत जिवाणू फारच कमी असतात, शंभर पटीपासून दहा हजार पटीपर्यंत कमी. नळी जाते ती योनीमार्गातूनच. वाटेत तिला तिथले जिवाणू चिकटले, तर अहवालात दिसते ते गर्भाशय की योनीमार्ग, हे सांगणे कठीण होते. नमुना इतका क्षीण असतो की प्रयोगशाळेतील रसायनांत असलेल्या जिवाणूंच्या खुणाही त्यात मिसळू शकतात. शिवाय जनुक सापडले म्हणजे तो जिवाणू जिवंत होता, असेही नाही.

दुसरी पायरी 'नॉर्मल' कशाला म्हणायचे याची. 90 टक्क्यांची रेषा आखली गेली ती अगदी थोड्या स्त्रियांच्या अभ्यासातून. शरीरे सगळीकडे सारखी नसतात. जॅक्स रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये उत्तर अमेरिकेतील 396 निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गातील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 90 टक्के आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांपैकी सुमारे 80 टक्के स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व होते. काळ्या आणि हिस्पॅनिक स्त्रियांत हे प्रमाण सुमारे 60 टक्केच होते. म्हणजे त्यांतल्या सुमारे 40 टक्के स्त्रिया लॅक्टोबॅसिलस कमी असूनही निरोगी होत्या. कोणाच्या शरीरावरून 'नॉर्मल' ठरवायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विज्ञानातही तो विचारावाच लागतो.

तिसरी पायरी उपचाराची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. जिवाणूंचा तोल ढळलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणा कमी दिसली, याचा अर्थ तोल सावरला की गर्भधारणा वाढेलच असा होत नाही. कोंबडा आरवतो तेव्हा उजाडते, पण कोंबड्यामुळे उजाडत नाही. उपचाराचा उपयोग होतो का, हे पाहायचे तर स्त्रियांना चिठ्ठी टाकून गटांत विभागावे लागते : एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे बिनऔषधाचे. डेन्मार्कमध्ये असा प्रयोग झाला. योनीमार्गातील जिवाणूंचा तोल बिघडलेल्या, आयव्हीएफ घेणाऱ्या तीनशेहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. काहींना क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक दिले, काहींना त्यासोबत लॅक्टोबॅसिलस, काहींना नुसतेच बिनऔषधाचे. औषध घेतलेल्या गटांत गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

हा शेवटचा शब्द नव्हे. तो प्रयोग योनीमार्गावर आधारलेला होता, आणि गर्भाशयाबाबत पुढे वेगळे काही सापडूही शकेल. परंतु आज कोणी "जिवाणू सुधारले की मूल नक्की" असे सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतो आहे. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या 'एश्रे' या संघटनेने 2023 मध्ये आयव्हीएफसोबत विकल्या जाणाऱ्या अशा जोड-चाचण्यांची आणि जोड-उपचारांची छाननी केली. पुरेसा पुरावा नसलेल्या गोष्टी सर्रास देऊ नयेत, असाच तिचा एकंदर सूर आहे.

आपल्याकडचा जुना जंतू : क्षय

गर्भाशयातील जंतू शोधण्याचा प्रश्न भारतात मायक्रोबायोमच्या फार आधीपासून आहे. त्या जंतूचे नाव क्षय, म्हणजे टीबी. फुप्फुसातून रक्तावाटे हा जंतू गर्भनलिकांपर्यंत आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत पोहोचतो. खोकला नाही, ताप नाही, वजनही घटत नाही. कधी पाळी कमी होते, कधी ओटीपोटात दुखते, पुष्कळदा काहीच जाणवत नाही. मूल का होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर नळ्या बंद असल्याचे कळते.

या क्षयाचा इतिहास मायक्रोबायोमच्या बाबतीत दोन धडे देतो.

पहिला धडा : खरा रोग शोधलाच पाहिजे. मायक्रोबायोमचा अहवाल चांगला आला म्हणजे क्षय नाही, असे होत नाही. त्याची तपासणी वेगळी असते. निदान झाले तर औषधे सरकारी क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 रुपये होती.

दुसरा धडा : एकाच अहवालावर विसंबून औषध सुरू करू नये. गर्भाशयाच्या नमुन्याचा पीसीआर 'पॉझिटिव्ह' आला, बाकी कुठलीही खूण नाही, तरी सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करायची का, यावर डॉक्टरांमध्येच वर्षानुवर्षे वाद आहे. ही औषधे यकृताला आणि डोळ्यांना त्रास देऊ शकतात. तिशी ओलांडलेल्या स्त्रीचे सहा महिनेही मोलाचे असतात. आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्या आपल्या देशात खुलेआम चालत. त्या भरवशाच्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सांगितले आणि जून 2012 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तोवर कितीतरी गरिबांच्या खिशातून पैसे गेले होते. चाचणी बाजारात येणे आणि चाचणी सिद्ध होणे, या दोन वेगळ्या घटना आहेत.

गडचिरोली आणि बीड

गर्भाशयाच्या आरोग्याचा प्रश्न फक्त आयव्हीएफ केंद्राच्या काचेच्या दारापाशी सुरू होत नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी प्रत्येकीला 3.6. यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 7.8 टक्के. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे 'बाईच्या जातीला असायचेच', असे समजून त्या दिवस काढत होत्या.

तीस वर्षांनी बीड जिल्ह्यातून दुसरी बातमी आली. राज्य सरकारने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. पांढरे जाते, पाळीचा त्रास होतो, म्हणून गेलेल्या स्त्रियांना तपासणी आणि साधी औषधे मिळण्याऐवजी शस्त्रक्रिया मिळाली. ऊसतोडीत आपल्या दलित, बौद्ध, भटक्या समाजातील स्त्रिया किती आहेत, हे वेगळे सांगायला नको.

एकीकडे पैसे भरणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयातील जिवाणूंचे जनुक वाचले जाते, आणि दुसरीकडे गरीब स्त्रीचे गर्भाशयच काढून टाकले जाते. या दोन टोकांच्या मध्ये जी साधी, स्वस्त, सिद्ध झालेली तपासणी आणि औषधे आहेत, तीच आपल्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचत नाहीत. आपले काम तिथे आहे.

आधी काय करावे?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचे वय 35 च्या पुढे असेल आणि सहा महिने गेले असतील, तर तपासणी सुरू करावी. क्रम साधारण असा :

1. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत आधी. ती स्वस्त आहे, नळी नाही, सुई नाही. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. वीटभट्टीवर किंवा कारखान्यातील भट्टीसमोर सतत उष्णतेत काम, तंबाखू, दारू यांचा वीर्यावर परिणाम होऊ शकतो. तरीही आपल्याकडे बाईच्या दहा तपासण्या होतात आणि नवरा दाराबाहेर बसतो. हे थांबले पाहिजे.

2. स्त्रीचे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, पाळी नियमित आहे का, आणि सोनोग्राफी.

3. पांढरे जाणे, दुर्गंधी, खाज, संबंधाच्या वेळी दुखणे असेल तर त्यावर उपचार. सरकारी रुग्णालयांच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात. पांढरे जाण्यासाठी हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे. लैंगिक संबंधातून येणारा संसर्ग असेल तर नवऱ्यानेही उपचार घ्यावेत, नाहीतर तो फिरून येतो.

4. गर्भनलिका उघड्या आहेत का, याची तपासणी. घरात कोणाला क्षय होऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये, अलिबागचे जिल्हा रुग्णालय, इथपासून सुरुवात करावी आणि पुढे पाठवायचे असल्यास लेखी चिठ्ठी मागावी. मुंबईत सीएसएमटी स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कामा रुग्णालय आहे. तिथे राज्य सरकारचे आयव्हीएफ केंद्र सुरू झाले आहे. कर्जत-खोपोलीच्या जोडप्यांना एका लोकलने तिथे पोहोचता येते. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार धरलेले नाहीत, म्हणून सरकारी केंद्राची चौकशी आधी करणे शहाणपणाचे.

हे सगळे झाल्यावर, चांगले गर्भ सोडूनही वारंवार रुजत नसतील, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरातील दीर्घकालीन सूज किंवा जिवाणू तपासण्याची चर्चा डॉक्टरांशी जरूर करावी. पहिल्याच फेरीआधी, सरसकट सगळ्यांनी ती करून घेण्याइतका पुरावा आज नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कालामांना तथागतांनी जी दृष्टी दिली, ती आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका; स्वतः पारखा. ही कसोटी अंगाऱ्याला लागू आहे, तशी चकचकीत छापील अहवालालाही. नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे :

ही तपासणी केल्याने माझ्या उपचारात नेमके काय बदलणार? अहवाल चांगला आला तर काय करणार, वाईट आला तर काय? दोन्हीचे उत्तर एकच असेल, तर तपासणी कशासाठी? औषधाने मूल होण्याची शक्यता वाढते, हे कोणत्या प्रयोगात दिसले? किती खर्च, किती महिने? तपासणी नाही केली तर काय बिघडेल?

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही, तो हक्क आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा 2021 नुसार यशाची शक्यता, फायदे-तोटे, दुष्परिणाम आणि खर्च यांची माहिती देणे केंद्रावर बंधनकारक आहे. लेखी संमती घ्यावी लागते, तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवावी लागते आणि केंद्र नोंदणीकृत असावे लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. दुकानातल्या 'प्रोबायोटिक' गोळ्या गर्भधारणेसाठी म्हणून विकत आणू नयेत.

विहारात बोलण्याचा विषय

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या आणि भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. मातृत्वाचा भार एकट्या बाईने सोसायचा नाही, आणि तिच्या शरीराचा प्रश्न समाजाने उघडपणे बोलायचा, ही त्यामागची भूमिका. मूल नको असणाऱ्या स्त्रीसाठी ती जितकी खरी, तितकीच मूल हवे असणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रीसाठीही.

म्हणून कर्जत-खालापूरच्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक संध्याकाळ स्त्रीरोगतज्ज्ञाला बोलवावे, आणि तिथे पुरुषांनीही बसावे. सुरक्षा क्लिनिक कोणत्या दिवशी चालते, स्त्रीरोगतज्ज्ञ कधी असतात, औषधांची पाकिटे शिल्लक आहेत का, याची चौकशी दर महिन्याला रुग्णालयात करून ती माहिती ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंतही पोहोचवावी. नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारावे. आणि ओटीभरणातून, डोहाळजेवणातून मूल नसलेल्या स्त्रीला बाजूला ठेवण्याची रीत आपल्या घरांत अजून कुठे उरली असेल, तर ती आजच मोडावी. जिने 22 प्रतिज्ञा घेतल्या, तिला पुन्हा 'वांझ' म्हणून बाहेर बसवणे हा धम्म नव्हे.

मूल हवे असेल तर योग्य उपचार घ्यावेत, दत्तक घेण्याचा मार्गही खुला आहे, आणि मुलाशिवायचे सहजीवनही पूर्ण असते. निर्णय त्या दोघांचा, पण शेवटचा शब्द तिचा, कारण नळी, सुई आणि औषधे सोसायची असतात तिलाच. तो निर्णय घेताना तिच्या हाती कर्जाच्या कागदापेक्षा खरी माहिती आधी पोहोचावी, एवढे आपण नक्की करू शकतो.